सान तेओदुलोचा सहप्रवासी

प्रोफेसर कातेल्लो बुओनोकोरे यांनी आयुष्यात एकदाच फुशारकी मारली, आणि तीही तोंडात घास असताना. "आपण रविवारी किनाऱ्याची सहल करू," असं ते बायकोला म्हणाले. खरं तर त्यांना 'कधीतरी करू' म्हणायचं होतं. पण ऐन वेळी पास्ता घशाशी अडकला आणि 'कधीतरी'च्या जागी 'रविवारी' बाहेर पडलं.

आसुंताबाईंनी हातातला काटा खाली ठेवला.

"रविवारी? म्हणजे लग्नाच्या वाढदिवशी?"

आता प्रोफेसरांना घास गिळता येईना आणि शब्दही गिळता येईनात. रविवारी लग्नाचा वाढदिवस आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. पण ते कबूल करणं हा वेगळाच कडा होता. त्यांनी मान हलवली. पंचवीस वर्षांच्या संसारात किनाऱ्याचा विषय निघाला की काहीतरी आडवं येतच असे. कधी दरड कोसळलेली असे, कधी बसवाल्यांचा संप असे, आणि काहीच नसेल तेव्हा पोरांचे पेपर तपासायचे राहिलेले असत. नेपल्समध्ये राहून ज्यांनी किनाऱ्यावरचं पोझितानो बघितलं नाही अशी दोनच माणसं असावीत, आणि ती एकाच पलंगावर झोपत होती.

प्रोफेसर शाळेत भूगोल शिकवत. हा किनारा त्यांनी कित्येक वर्षं फळ्यावर काढला होता: वर उभा डोंगर, खाली निळा समुद्र आणि मधे डोंगराच्या कुशीत खोदलेला, घरातल्या बोळाएवढा रस्ता, ज्याला समुद्राच्या बाजूनं गुडघ्याएवढा कठडा. पोरांना फार आवडे. पण तो कडा खडूनं काढतानासुद्धा प्रोफेसरांच्या तळपायांना मुंग्या येत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आसुंताबाईंनाही नाही. पुरुषानं बायकोला काय काय सांगावं याला काही मर्यादा असते, असं त्यांचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसुंताबाई सज्जात कपडे वाळत घालायला गेल्या आणि समोरच्या सज्जातल्या सिन्योरा ओर्सोलांना एवढंच म्हणाल्या, "रविवारी आम्ही नाही हं." मातेर्देई भागातल्या त्या इमारतीत सगळे सज्जे एकाच चौकात उघडतात. कपडे वाळायच्या आत बातमी तळमजल्यावर पोचली, आणि संध्याकाळी प्रोफेसर उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यातली शाळा उरकून घरी आले तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात त्यांना बसायला खुर्ची उरली नव्हती.

"या, या प्रोफेसर," दोन साबिनो यजमानाच्या थाटात म्हणाले. हे 'दोन' म्हणजे आकडा नव्हे, तिकडचं 'राव'; साबिनो म्हणजे जन्मभर ट्राममध्ये तिकिटं फाडलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून तिकिटं संपली होती, पण लोकांना कुठं चढायचं आणि कुठं उतरायचं ते सांगायची सवय तशीच होती. "मुख्य प्रश्न एकच. सोरेन्तोकडून जायचं की सालेर्नोकडून?"

"सालेर्नोकडून," प्रोफेसर चटकन म्हणाले. त्यांनी शाळेतून येताना याच एका गोष्टीचा विचार केला होता. गाडी रस्त्याच्या उजव्या अंगानं चालणार. म्हणजे सालेर्नोकडून निघालं की आपण डोंगराच्या कडेनं, आणि सोरेन्तोकडून निघालं की थेट कठड्याच्या कडेनं.

"छे छे छे!" सिन्योरा ओर्सोलांनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं त्यांना एकदा रोमला नेलं होतं, तेव्हापासून प्रवासाच्या बाबतीत त्यांचा शब्द इमारतीत शेवटचा असे. "माझी मावसबहीण गेली होती सालेर्नोकडून. दिवसभर काय बघितलं बिचारीनं? एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा कान!"

"दगडांना कमी लेखू नका," प्रोफेसर गंभीरपणे म्हणाले. "चुनखडक आहे तो. अतिशय प्राचीन."

"अहो प्रोफेसर, लग्नाच्या वाढदिवशी बायकोला चुनखडक दाखवणार?"

मतदान झालं. एका माणसाच्या स्वयंपाकघरात, त्याच्या गाडीच्या दिशेबद्दल, त्याच्या बायकोनं विरोधात हात वर करणं हा लोकशाहीचा अतिरेक आहे असं प्रोफेसरांना वाटलं, पण निकाल लागला होता. सोरेन्तोकडून. मग जाताजाता सिन्योरा ओर्सोलांनी त्यांना कोपऱ्यात गाठलं आणि गोळ्यांची एक पट्टी त्यांच्या हातात कोंबली. "वळणांनी पोटात ढवळतं. एक घ्यायची. फक्त एक. माझ्या भावानं दोन घेतल्या होत्या, तो स्वतःच्या मुलीच्या लग्नात उभ्या उभ्या घोरला."

तरीही बुधवारी प्रोफेसरांचं दैव उघडलं. उन्हाळ्यातल्या गर्दीमुळे त्या रस्त्यावर एक दिवस सम आकड्याच्या गाड्या आणि एक दिवस विषम, असा नियम असतो. रविवारी सम होत्या. प्रोफेसरांच्या गाडीचा शेवटचा आकडा सात! ते खाली जाऊन त्या जुन्या, एका बाजूनं पोचा आलेल्या गाडीकडे बराच वेळ प्रेमानं बघत राहिले. मग वर येऊन त्यांनी शक्य तितका चेहरा पाडला.

"आसुंता, नियमापुढे माणूस काय करणार?"

"चौकशी करणार," आसुंताबाई म्हणाल्या आणि त्यांनी पायात चपला सरकवल्या.

रहदारीच्या कचेरीत काचेमागे एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर, जगातले सगळे लोक चुकीच्या दिवशी जन्माला आलेत, असा भाव होता.

"गाडी विषम, दिवस सम. दिवस बदला," त्या म्हणाल्या.

"लग्नाचा वाढदिवस आहे हो."

"मग तो बदला."

"बघ, मी म्हणत नव्हतो?" प्रोफेसर उत्साहानं दाराकडे वळले. पण आसुंताबाईंनी त्यांची बाही धरली.

"कुणालाच सूट नसते का?"

"असते ना. तिथल्या हॉटेलात खोली घेतली असेल तर असते."

आसुंताबाईंनी कचेरीतूनच हॉटेलला फोन लावला. हॉटेलवाला म्हणाला, खोली आहे, पण गाडी आणणाऱ्यालाच देतो, कारण सामान उचलायला माणूस नाही. आणि गाडी ठेवायला जागा देतो ती सूट मिळालेल्या गाडीलाच. आसुंताबाईंनी हे काचेमागच्या बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, बरोबर आहे. आसुंताबाईंनी विचारलं, काय बरोबर आहे? बाई म्हणाल्या, सगळंच.

घरी परतताना प्रोफेसर शीळ घालत होते. शीळ त्यांना येत नसे. पण त्या दिवशी आली.

ती तळमजल्याशी थांबली. तिथं मास्त्रो एजिदिओचं दुकान होतं. एजिदिओ संतांच्या मूर्ती दुरुस्त करी. त्याच्या दुकानात सदैव कुणाचं तरी बोट आणि कुणाचं तरी तेजोवलय वाळत पडलेलं असे.

"प्रोफेसर!" त्यानं हाक मारली. "देवानंच तुम्हाला पाठवलंय. कापोस्त्रेत्तो गावचा संत, सान तेओदुलो, तयार झालाय. रविवारी दुपारी त्याची मिरवणूक, आणि माझा ड्रायव्हर काल शिडीवरून पडून पाय मोडून बसलाय. व्हॅन गावच्या चर्चची आहे. तिच्यावर तिकडचाच परवाना आहे, तिला सम नाही आणि विषम नाही. तुम्ही तिकडेच चाललाय ना? पोझितानोच्या पुढे दोन वळणांवर गाव आहे. मूर्ती द्यायची, हात झटकायचे आणि मजा करायची!"

"मूर्तीची जबाबदारी..." प्रोफेसरांनी सुरुवात केली.

"आम्ही नेऊ," आसुंताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे असे चमकत होते, की प्रोफेसर बघतच राहिले. नवी नवरी असताना त्या अशा बघत. ते डोळे विझवणारा माणूस आपणच, हे त्यांना त्या क्षणी फार बोचलं. त्यापेक्षा कड्यावरून पडलेलं बरं, असं त्यांना वाटलं. मग कड्यावरून पडण्याचं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि ते बरं वाटेनासं झालं.

रविवारी सकाळी सगळी इमारत चौकात उतरली. सान तेओदुलो माणसाच्या उंचीचा, दोन दुलयांत गुंडाळून व्हॅनमध्ये आडवा निजवला होता. त्याच्या पायाशी सिन्योरा ओर्सोलांनी वांग्याची पार्मिजाना ठेवली. "रिकाम्या पोटी संतालासुद्धा गाडी लागते," त्या म्हणाल्या. दोन साबिनोंनी घडीच्या दोन खुर्च्या आणि एक छत्री सरकवली. कुणीतरी कलिंगड दिलं. ते संताच्या डोक्याशी उशीसारखं बसलं.

"नाक सांभाळा," एजिदिओ म्हणाला. "नाक नवीन आहे."

सोरेन्तोपर्यंत सगळं ठीक होतं. प्रोफेसरांनी एक गोळी घेतली. मग खिंड आली. तिथून समुद्र दिसेल अशी पाटी लागताच त्यांनी दुसरी घेतली, आणि समुद्र दिसल्यावर उरलेल्या किती घेतल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अगंबाई!" आसुंताबाईंनी खिडकीची काच खाली केली. त्यांच्या कोपराखाली कठडा होता, आणि कठड्याखाली काहीच नव्हतं. फार फार खाली एक नाव पांढऱ्या तिळासारखी दिसत होती. "कातेल्लो, बघ! बघ ना!"

"बघतोय," प्रोफेसर म्हणाले. ते समोरच्या काचेवर मेलेल्या एका माशीकडे टक लावून बघत होते.

व्हॅन इतकी हळू चालली होती, की मागून सायकलवाले पुढे गेले. एक म्हातारा कुत्राही पुढे गेला. पोझितानो आलं आणि गेलं. एका वळणावर, जिथं रस्ता एखाद्या फळीसारखा समुद्रावर पुढे आला होता, समोरून बस आली.

दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. बसच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "अहो काका, मागे घ्या!"

"माझी काही हरकत नाही," प्रोफेसर म्हणाले.

"मग घ्या ना!"

व्हॅन हलली नाही. बसच्या मागे आठ-दहा गाड्या लागल्या आणि सगळ्यांनी मिळून भोंगे वाजवायला सुरुवात केली. आसुंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"कातेल्लो, डोळे उघड."

"उघडेच आहेत."

"मिटलेत तुझे डोळे!"

प्रोफेसरांच्या हातांची बोटं गाडीच्या चक्राला अशी चिकटली होती जणू एजिदिओनंच डकवली असावीत. "आसुंता," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून. फळ्यावरच्या उंचीचीसुद्धा. कुणाला सांगू नकोस."

बसमधले सगळे प्रवासी खिडक्यांतून कान देऊन ऐकत होते. आसुंताबाईंचे खांदे हलायला लागले. आवाजावरून आधी प्रोफेसरांना वाटलं, रडतेय. मग नीट ऐकतात तो बाई खदाखदा हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

"म्हणजे ती दरड? ते संप?"

"दरड एकदा खरी होती."

"अरे मूर्खा!" त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मला वाटत आलं, तुला माझ्याबरोबर कुठं जायचंच नाही!"

"तुझ्याबरोबर मी कुठंही येईन," प्रोफेसर डोळे न उघडता म्हणाले. "सपाटीवर."

एवढं झाल्यावर आसुंताबाई उतरल्या, फेरी मारून ड्रायव्हरच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "उतर. मी चालवते." त्यांच्याकडे लग्नाआधीपासून परवाना होता, फक्त नवरा म्हणे, 'तू कशाला दगदग करतेस.' पण आता पेच असा आला, की त्या चालवणार म्हटल्यावर प्रोफेसरांना त्यांच्या जागी, म्हणजे ऐन कठड्याच्या खिडकीशी बसावं लागणार. त्यांनी त्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि चारी हातापायांवर, डोंगराची भिंत चाचपत, व्हॅनच्या मागच्या दाराशी गेले. आत शिरले. सान तेओदुलोच्या शेजारी आडवे झाले. त्याची एक दुलई सोडवून त्यांनी डोक्यावरून ओढून घेतली.

आसुंताबाईंनी व्हॅन एका दमात मागे घेतली. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत दुलईखाली प्रोफेसर पडल्या पडल्या झोपी गेले. सिन्योरा ओर्सोलांच्या गोळ्यांना यश आलं होतं.

कापोस्त्रेत्तो गाव म्हणजे समुद्रापासून डोंगरापर्यंत चढत गेलेला एक जिना. रस्ता त्या जिन्याच्या माथ्यावर. तिथं बँड उभा होता, पांढऱ्या झग्यातले खांदेकरी पालखीसारखा मंच घेऊन तयार होते, आणि सकाळपासून वाट बघून सगळ्यांचे घसे कोरडे पडू नयेत म्हणून वाइनही होती. व्हॅन दिसताच बँड सुरू झाला. गावचे पाद्री दोन प्लाचिदो यांनी आसुंताबाईंना दोन्ही हातांनी बाहेर काढलं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि त्यांच्या हातात लिंबाचं सरबत दिलं.

"मागे जरा जपून," आसुंताबाई ओरडल्या, "माझा नवरा..." पण त्यांच्या कानाशीच ट्यूबाचा भलामोठा पितळी भोंगा वाजत होता. दोन प्लाचिदोंना वाटलं, बाई नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला सांगताहेत. त्यांनी लगेच केली.

इकडे खांदेकऱ्यांनी मागचं दार उघडलं.

"हे काय? दोन पाठवले?"

"एक जुना असेल, एक नवा. दाराजवळचा घे."

"अरे, मऊ लागतोय हा!"

"रंग ओला असेल. चल, उचल!"

दुलईत गुंडाळलेला सान तेओदुलो मंचावर उभा झाला. दोऱ्या आवळल्या गेल्या. खांदेकऱ्यांनी मंच खांद्यावर घेतला, जिन्याच्या पहिल्या पायरीशी आले, आणि दोन प्लाचिदोंनी काठीच्या टोकानं दुलई खाली ओढली.

आत अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला, चष्मा कपाळावर गेलेला आणि तोंड उघडं टाकलेला एक संत होता. बँड एकेक वाद्य करून थांबला.

"जिझस मारिया," एक म्हातारी म्हणाली, "एजिदिओनं केवढा वयस्क करून पाठवलाय!"

त्या शांततेनं प्रोफेसरांना जाग आली. त्यांनी डोळे उघडले. आपण गावाच्या डोक्यावर, हवेत, उभे बांधलेले आहोत, आणि पायाशी एक जिना सरळ समुद्रात पडतोय, हे त्यांना एकदम दिसलं. पाठीला आधार नाही. कठडा तर नाहीच. त्यांनी खाली वाकून पुढच्या खांदेकऱ्याचे केस दोन्ही मुठींत धरले आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात किंचाळले:

"खाली घ्या! मला उंचीची भीती वाटते!"

समोरच्या डोंगरावरून ते वाक्य जसंच्या तसं परत आलं. म्हणजे पहिल्यांदा ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांनाही आलं.

आता आपल्याला हसणार, हे प्रोफेसरांनी धरूनच ठेवलं होतं. कुणी हसलं नाही. ज्याचे केस त्यांच्या मुठीत होते, तो खांदेकरी खालूनच कसनुसा होऊन म्हणाला, "मलाही वाटते."

"तुला?" शेजारचा म्हणाला.

"जन्मल्यापासून. मी कधी खाली बघतच नाही. पाठीमागच्या रस्त्यानं जातो."

"अरे, मी पण!" दुसरा म्हणाला. ट्यूबावाला पुढे झाला आणि म्हणाला, त्यानं एवढं मोठं वाद्य मुद्दाम निवडलंय, समोरचं काही दिसत नाही. ती म्हातारी म्हणाली, लग्न होऊन या गावात आल्यापासून तिनं आपली समुद्राकडची खिडकी उघडलेली नाही. नवऱ्याला सांगितलंय, वारा लागतो. शेवटी दोन प्लाचिदो घसा साफ करून म्हणाले, "घंटाघरात मी अजून एकदाही चढलेलो नाही. घंटा वाजवायला दोरी आहे, हा परमेश्वराचा अनुग्रह." कड्याला लटकून राहणारं ते आख्खं गाव एकमेकांकडे असं बघायला लागलं, जणू आजच ओळख झाली असावी.

मग सगळे एकदम बोलायला लागले. प्रोफेसरांना उतरवलं, वाइन पाजली. खरा सान तेओदुलो शाबूत नाकानिशी बाहेर आला आणि मंचावर चढला. मिरवणूक निघाली, ज्यांना भीती वाटत होती ते भिंतीच्या बाजूनं आणि ज्यांना वाटत नव्हती ते बाहेरच्या बाजूनं, अशी पहिल्यांदाच उघडपणे वाटणी करून सगळं गाव जिना उतरलं. भिंतीच्या बाजूला जास्त गर्दी होती. प्रोफेसर आसुंताबाईंचा हात धरून उतरले. वाटेत म्हाताऱ्या त्यांना गाठून विचारत होत्या, "तुम्ही त्याच्या कुशीत झोपलात! काय म्हणाला तो?"

"बाजूला सरक, म्हणाला," प्रोफेसर म्हणाले. म्हाताऱ्यांनी क्रॉसची खूण केली. संताच्या शब्दावरून लॉटरीचा आकडा लावायची तिकडची रीत; 'सरक'चा आकडा कोणता, यावर त्यांच्यात वाद सुरू झाला.

खाली वाळूवर दोन साबिनोंच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. पार्मिजाना आणि कलिंगड गावात वाटलं गेलं. प्रोफेसर खुर्चीत टेकले आणि त्यांनी सावकाश मान वर केली. खालून तो किनारा अगदी निराळाच होता: पिवळी-गुलाबी घरं, लिंबांच्या बागा, वरती दोऱ्यासारखा रस्ता. पायाखाली वाळू होती, आणि वाळूखाली पृथ्वी. त्यांना फार सुंदर वाटलं.

"आसुंता," ते म्हणाले, "फळ्यावर मी हे चुकीचं काढत होतो."

दुपार कलली तसे दोन प्लाचिदो व्हॅनची किल्ली झग्याच्या खिशात टाकत आले. "व्हॅन सुखरूप पोचवलीत, फार उपकार झाले. बरं, तुम्ही परत कसे जाणार?"

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. आख्ख्या इमारतीनं आठवडाभर ही सहल आखली होती. दिशा ठरली होती, गोळ्या ठरल्या होत्या, कलिंगड ठरलं होतं. परत यायचं कुणीच ठरवलं नव्हतं.

"बस आहे की," दोन प्लाचिदो म्हणाले. "वरच्या रस्त्यानं. खिडकीची जागा मिळते."

प्रोफेसरांनी वरच्या त्या दोऱ्याकडे बघितलं. त्यावरून मुंगीएवढी बस वळणाशी झुकत चालली होती. त्यांचा चेहरा पुन्हा चुन्यासारखा झाला. "आसुंता," ते म्हणाले, "मला थोडा वेळ लागेल."

आसुंताबाईंनी समुद्राकडे बघितलं. मग चपला काढून बाजूला ठेवल्या, पाय पाण्यापर्यंत लांब केले आणि खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले.

"हवा तेवढा लागू दे," त्या म्हणाल्या. "शाळा सप्टेंबरात उघडते."